वणव्याचा धूर आणि आरोग्य : न दिसणाऱ्या हानीची मोजदाद

काही वर्षांपूर्वी चैत्र महिन्यात सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावी वणव्याने झालेल्या नुकसानीच्या पाहणीसाठी जाण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. गावामागचा डोंगर तीन दिवस जळत होता. आग गावठाणात शिरली नाही, ही समाधानाची गोष्ट होती. पंचनामा झाला. गवताच्या सात गंजी, दोन गोठे, आंब्याची अकरा कलमे आणि एक बैलगाडी अशी नोंद झाली. आम्ही कागद गुंडाळून निघालो, तेव्हा कडेवर तान्हे मूल घेऊन उभ्या असलेल्या एका बाईने विचारले, "साहेब, बाळ तीन रात्री झोपलं नाही, सारखं खोकतंय. हे कुठं लिहायचं?"

आमच्या कागदावर त्यासाठी जागा नव्हती, आणि खरे सांगावयाचे तर आमच्याजवळ उत्तरही नव्हते. खोकला धुरामुळे आला, की ऋतू बदलल्यामुळे, की घरातील चुलीमुळे, हे कोणी व कसे ठरवावे? गंज जळाली तर राख दिसते. धूर मात्र वाऱ्याबरोबर निघून जातो आणि मागे काही खूण ठेवीत नाही. म्हणून आगीच्या नुकसानीत धुराच्या नुकसानीची गणना सहसा होत नाही.

परंतु ही गणना करता येते. गेल्या काही दशकांत निरनिराळ्या देशांतील अभ्यासकांनी ती चिकाटीने केली आहे आणि तीतून निघालेले निष्कर्ष विचार करावयास लावणारे आहेत. ही मोजदाद कशी करतात, तीतून काय आढळले व त्यावरून आपण आपल्या गावी काय बोध घ्यावा, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

धुरात काय असते?

ओला-सुका पाला, गवत, लाकूड ही जळताना पूर्णपणे जळत नाहीत. अर्धवट जळालेल्या द्रव्यांतून वायू व कण असे दोन्ही बाहेर पडतात. वायूंमध्ये कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. तो रक्तातील प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी करतो. फॉर्माल्डिहाइड व अॅक्रोलिन यांसारखी द्रव्ये डोळे, नाक व घसा यांची आग करतात. बेंझीनसारखी काही द्रव्ये कर्करोगास कारणीभूत होणारी आहेत.

तथापि दूरवरच्या गावांना अधिक बाधा होते ती कणांपासून. अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान व्यासाच्या कणांना 'पीएम २.५' असे म्हणतात. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या केसाची जाडी अशा कणाच्या सुमारे तीसपट भरते. वणव्याच्या धुरातील बहुतेक कण तर एक मायक्रोमीटरपेक्षाही लहान असतात. मळणीच्या वेळी उडणारी जाड धूळ नाकातील केसांत व घशातील चिकट द्रवात अडकते आणि शिंकेवाटे किंवा खोकल्यावाटे बाहेर पडते. धुराचे कण त्या पहाऱ्यातून निसटून थेट फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे दाह उत्पन्न होतो, आणि त्या दाहाचा परिणाम रक्तावाटे हृदयापर्यंत जातो. धुराच्या दिवसांत दम्याच्या रुग्णांप्रमाणेच हृदयविकाराचे रुग्णही इस्पितळात वाढतात, याचे कारण हेच होय.

हवेतील या कणांचे वजन मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. चोवीस तासांच्या सरासरीने एका घनमीटर हवेत त्यांचे प्रमाण ६० मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे, असे मानक भारतात २००९ साली ठरविण्यात आले. अमेरिकेतील मानक ३५ आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली १५ ही मर्यादा सुचविली आहे. वणव्याच्या दिवसांत हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते.

तुलनेचा वाफा कोठून आणावा?

एखाद्या खताचा गुण पाहावयाचा असेल तर आपण एका वाफ्याला खत घालतो व शेजारचा वाफा तसाच ठेवतो. जमीन, बियाणे, पाणी व मशागत दोहोंकडे सारखी असल्यामुळे उत्पन्नातील फरक खताचाच, असे म्हणता येते. खत घातलेला एकच वाफा पाहून कोणताही जाणता शेतकरी निर्णय देणार नाही.

धुराच्या अभ्यासातील सारी अडचण येथेच आहे. माणसांना मुद्दाम दाट धुरात कोंडून प्रयोग करता येत नाही, व करूही नये. स्वीडनमध्ये निरोगी स्वयंसेवकांना त्यांच्या संमतीने काही तास सौम्य लाकडी धुराच्या खोलीत बसवून रक्ताची तपासणी करण्यात आली आहे. परंतु अशा प्रयोगांत अर्भके, गरोदर स्त्रिया, वृद्ध व आजारी माणसे घेता येत नाहीत; आणि धुराचा खरा धोका त्यांनाच अधिक असतो.

म्हणून अभ्यासकाला निसर्गात आपोआप घडून आलेला प्रयोग शोधावा लागतो. धूर किती होता, तो कोणाच्या श्वासात गेला आणि ज्यांच्या श्वासात गेला नाही अशी सारखी माणसे कोठे आहेत, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली तरच काही सिद्ध होते. ती कशी मिळविली गेली याची चार उदाहरणे पुढे दिली आहेत.

दवाखान्याच्या नोंदवहीतून : हूपा, १९९९

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात वायव्येस हूपा नावाचे एक खोरे आहे. सभोवार अरण्याने झाकलेले डोंगर व मध्ये मूळ रहिवासी जमातीची वस्ती, अशी त्याची रचना आहे. १९९९ च्या ऑगस्टपासून शेजारच्या अरण्यात मोठा वणवा पेटला व कित्येक आठवडे त्याचा धूर खोऱ्यात साचून राहिला. तेथील दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांची नोंद नियमितपणे ठेवली जात असे. अभ्यासकांनी धुराच्या आठवड्यांतील नोंदी काढल्या आणि आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्यांच्या नोंदींशी त्या ताडून पाहिल्या. श्वसनाच्या तक्रारींसाठी झालेल्या भेटी ४१७ वरून ६३४ वर गेल्या होत्या. ही वाढ ५२ टक्के होती. येथे आदले वर्ष हाच तुलनेचा वाफा ठरला.

अभ्यासक एवढ्यावर थांबले नाहीत. धुराच्या काळात लोकांना मुखपट्ट्या वाटण्यात आल्या होत्या, काहींना हवा गाळणारी यंत्रे देण्यात आली होती, काहींची खोऱ्याबाहेर राहण्याची सोय केली होती आणि काय काळजी घ्यावी याच्या जाहीर सूचना वारंवार प्रसृत करण्यात आल्या होत्या. यांपैकी कशाचा उपयोग झाला, हे घरोघर जाऊन विचारण्यात आले. हवा गाळणारे यंत्र जास्त वेळ चालविणाऱ्यांत छातीच्या तक्रारी कमी आढळल्या. मुखपट्टी अधिक वेळ वापरल्याचा मात्र फायदा दिसून आला नाही. मुखपट्टी कोणत्या प्रकारची आहे व ती तोंडावर घट्ट बसते की नाही, यावर तिचा उपयोग अवलंबून असतो, हे येथे लक्षात ठेवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी गोष्ट पुढेच आहे. ज्यांना जाहीर सूचना ऐकल्याचे आठवत होते, त्यांच्यातही छातीच्या तक्रारी कमी होत्या. सूचना ऐकणारी माणसे मुळातच अधिक सावध असतील, असे कोणी म्हणेल, आणि तो आक्षेप अगदीच निराधार नाही. तथापि वेळेवर दिलेली माहिती वाया जात नाही, एवढे यावरून खास म्हणता येते.

जनगणनेतील रिकाम्या जागा : इंडोनेशिया, १९९७

दवाखाना व त्याची नोंदवही असेल तेथे वरील पद्धत चालते. जेथे दवाखाना दूर आहे व मृत्यूची नोंदही धड होत नाही, तेथे काय करावे?

१९९७ साली इंडोनेशियात मोठे अवर्षण पडले. सुमात्रा व कालिमांतान या भागांत जमीन साफ करण्यासाठी मळेवाले व शेतकरी आगी लावीत. त्या वर्षी पाऊस लांबल्यामुळे त्या आगी आवरेनाशा झाल्या. जंगलाबरोबर जमिनीतील कुजलेल्या वनस्पतींचे जाड थरही जळू लागले. असे थर आतल्या आत धुमसत राहतात व अतोनात धूर सोडतात. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत हा धूर विस्तीर्ण प्रदेशावर पसरला होता आणि शेजारच्या मलेशिया व सिंगापूर या देशांपर्यंत पोहोचला होता.

या धुराने अर्भकांचे काय झाले, याचा शोध सीमा जयचंद्रन या अर्थशास्त्रज्ञ विदुषीने घेतला. त्यांचा लेख २००९ साली प्रसिद्ध झाला. मृत्यूच्या नोंदी भरवशाच्या नव्हत्या. म्हणून त्यांनी २००० सालची जनगणना हाती घेतली. कोणत्या महिन्यात जन्मलेली किती मुले जनगणनेच्या वेळी हयात होती, हे त्यांनी भागवार पाहिले. कोणत्या भागावर कोणत्या महिन्यात किती दाट धूर होता, याची माहिती कृत्रिम उपग्रहाच्या मापनांतून मिळाली. ज्या भागांवर व ज्या महिन्यांत धूर नव्हता, ते येथे तुलनेचे वाफे झाले.

दोन्ही तक्ते शेजारी ठेवताच धुराचे चित्र स्पष्ट झाले. धुराच्या काळात ज्या मातांचे दिवस भरत आले होते, त्यांची जेवढी मुले जनगणनेत असावयास हवी होती तेवढी ती नव्हती. ही तूट सुमारे १५,६०० होती, असा त्यांचा अंदाज आहे. त्यांत पोटातच दगावलेले गर्भ, जन्मतःच व जन्मानंतर थोड्याच दिवसांत दगावलेली बालके या सर्वांचा समावेश होतो. गरीब भागांत ही तूट अधिक होती.

या अभ्यासाचा विचार करताना मनाला चटका लागतो तो याचा, की त्या वेळी त्या मुलांच्या मृत्यूचे कारण धूर म्हणून कोणी लिहिले नव्हते. ज्यांना कोणी मोजले नाही, ती मुले तीन वर्षांनंतर केवळ आकड्यांतील रिकाम्या जागेवरून ओळखू आली. आणि ज्या आगींचा हा धूर होता, त्यांतील पुष्कळशा आगी जमीन साफ करण्याच्या हेतूने माणसांनीच लावलेल्या होत्या.

उघड्यावरचा कळप : डेव्हिस, २००८

धूर ओसरल्यावर खोकला थांबतो. मग बाधाही संपते काय? याचे उत्तर मिळण्यासाठी त्याच जिवांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते. माणसांच्या बाबतीत हे कठीण आहे. कारण माणसे गाव बदलतात, कोणी विडी ओढतो, कोणी चुलीपुढे बसतो. अशा वेळी एका योगायोगाने अभ्यासकांना साहाय्य केले.

कॅलिफोर्निया विद्यापीठाची डेव्हिस येथील शाखा मूळची विद्यापीठाची शेतीशाळा होय. तेथे माकडांचे एक मोठे संशोधन केंद्र आहे. या केंद्रात ऱ्हीसस जातीची, म्हणजे उत्तर हिंदुस्थानात आढळणारी तांबड्या तोंडाची माकडे, मोठ्या उघड्या कुंपणांत पाळली जातात. २००८ च्या जून महिन्यात उत्तर कॅलिफोर्नियात पावसाविना विजा कोसळल्या, शेकडो ठिकाणी वणवे पेटले आणि त्यांचा धूर डेव्हिसवर पसरला. हवेतील सूक्ष्म कणांचे प्रमाण ३५ च्या मर्यादेपलीकडे वारंवार गेले. त्या वसंतात जन्मलेली पिल्ले तेव्हा अवघ्या दोन-तीन महिन्यांची होती. त्यांना घरात नेण्याची सोय नव्हती. रात्रंदिवस तीच हवा त्यांनी श्वासात घेतली.

पुढच्या वर्षी, २००९ मध्ये, त्याच कुंपणांत जन्मलेल्या पिल्लांच्या वाट्याला असा धूर आला नाही. खाद्य तेच, देखभाल तीच, जागाही तीच. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर दोन वाफ्यांत फरक होता तो केवळ धुराचा. लिसा मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पिल्ले सुमारे तीन वर्षांची झाल्यावर, म्हणजे वयात येण्याच्या सुमारास, तपासली. धुरात वाढलेल्या पिल्लांच्या फुप्फुसांची धारणशक्ती कमी भरली. रोगजंतूंच्या अंशांना त्यांच्या रक्तातील पेशी देत असलेला प्रतिसादही मंद आढळला. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले.

बाळपणीच्या काही आठवड्यांच्या धुराचा ठसा तीन वर्षांनंतरही पुसला गेला नव्हता, हे या तपासणीचे सार होय. माकडांवरून माणसांविषयी जसाच्या तसा निष्कर्ष काढू नये, हे खरे. तथापि या माकडांच्या फुप्फुसांची घडण माणसाच्या फुप्फुसांशी पुष्कळ मिळतीजुळती आहे. म्हणून या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करणे शहाणपणाचे ठरणार नाही.

ज्वाळेचे बळी व धुराचे बळी : ऑस्ट्रेलिया, २०१९-२०

पहिल्या तीन उदाहरणांत प्रत्यक्ष मोजणी होती. चौथ्या उदाहरणात गणित आहे. किती लोक, किती दिवस, किती दाट धुरात होते हे ठाऊक असेल, आणि कणांचे प्रमाण अमुक इतके वाढले असता मृत्यू व आजार किती वाढतात हे पूर्वीच्या अभ्यासांवरून ठाऊक असेल, तर एका मोसमाच्या धुराची एकूण हानी काढता येते.

ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या उन्हाळ्यात पूर्व भागातील अरण्ये महिनोन्महिने जळत होती. ज्वाळांत व आगीशी झुंजताना ३३ माणसे मृत्युमुखी पडली, आणि साऱ्या जगाने त्यांच्याविषयी हळहळ व्यक्त केली. १ ऑक्टोबर २०१९ ते १० फेब्रुवारी २०२० या काळातील धुराचा हिशेब तेथील अभ्यासकांनी मांडला, तेव्हा धुरामुळे झालेले मृत्यू सुमारे ४१७ निघाले. याखेरीज हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांसाठी १,१२४ व श्वसनाच्या विकारांसाठी २,०२७ जणांना इस्पितळात दाखल व्हावे लागले, आणि दम्यासाठी तातडीच्या विभागात झालेल्या भेटी १,३०५ भरल्या, असा अंदाज निघाला.

म्हणजे ज्वाळेने एक माणूस घेतला, तर धुराने बारा-तेरा घेतले. ज्वाळेचे बळी वृत्तपत्रांत छापून आले. धुराचे बळी कोठे घरात, कोठे इस्पितळात, हृदयविकार वा दमा या नावाखाली गेले.

आग विझविणारे आणि दुभती जनावरे

धुराच्या सर्वांत जवळ असतो तो आग विझविणारा. शारीरिक कष्टांच्या वेळी माणूस विश्रांतीच्या कित्येक पट हवा आत घेतो, आणि वणव्याशी झुंजणे हे तर अत्यंत कष्टाचे काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली अग्निशामकाचा व्यवसाय कर्करोगकारक व्यवसायांच्या पहिल्या गटात समाविष्ट केला. आपल्याकडे डोंगराला आग लागली की वनरक्षकांबरोबर गावचे तरुण हिरव्या डहाळ्या घेऊन धावतात. त्यांचे हे काम स्तुत्य आहेच, परंतु त्यांच्या श्वासाची काळजी घेणे हेही गावाचे कर्तव्य आहे.

जनावरांनाही धूर बाधतो. अमेरिकेतील आयडाहो येथे दुभत्या गाईंवर झालेल्या पाहणीत वणव्याच्या धुराच्या दिवसांत दूध घटल्याचे आढळून आले. गोठा नेहमी उघडा असल्यामुळे जनावरास धुरापासून सुटका नसते, हे गोपालकांनी ध्यानात ठेवावे.

आपल्या गावी काय करावे?

महाराष्ट्रात फाल्गुनापासून पहिला पाऊस पडेपर्यंत वणव्याचे दिवस असतात. सह्याद्रीच्या गवताळ उतारांवर आणि विदर्भातील पानझडी जंगलांत दरवर्षी आगी लागतात. त्यांतील बहुतेक माणसाच्या हातून लागतात. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटविला जातो, नवे गवत चांगले फुटेल या समजुतीने डोंगर पेटविला जातो, किंवा बांधावरचा पाला जाळताना विस्तव हाताबाहेर जातो. आपण या बाबतीत पुढील गोष्टी करू शकतो.

१. आग लागू न देणे हाच मुख्य उपाय. मोहाखालचा पाला झाडून बाजूस करावा, पेटवू नये. डोंगरालगतच्या शेतात पाला जाळण्याऐवजी खड्ड्यात कुजवून खत करावे. उसाचे पाचट सरीत आच्छादन म्हणून पसरावे. भाताची रोपे राब न भाजता गादीवाफ्यावर चांगली तयार होतात, हे प्रत्यक्ष करून दाखवावे. जाळरेषा काढण्याच्या कामी वनखात्यास गावाने मदत करावी. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे, याचीही जाणीव द्यावी.

२. धुराची सूचना आधी द्यावी. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगींच्या सूचना २००४ सालापासून वनखात्यास देत आहे. शेजारच्या डोंगरावर आग असल्याचे कळताच वारा कोणत्या दिशेने वाहतो ते पाहावे आणि ज्या वाड्यांकडे धूर येणार असेल तेथे दवंडीने, ध्वनिक्षेपकावरून किंवा दूरध्वनीने आगाऊ कळवावे. हूपा येथील अनुभव येथे स्मरावा.

३. कोणाला आधी सांभाळावे हे ठरवून ठेवावे. तान्ही मुले, गरोदर स्त्रिया (विशेषतः दिवस भरत आलेल्या), वृद्ध आणि दम्याचे व हृदयविकाराचे रुग्ण यांची यादी अंगणवाडी सेविका व आशा सेविका यांच्या साहाय्याने मोसमापूर्वीच करावी. शक्य असल्यास त्यांना धुराच्या दिवसांत वाऱ्याच्या वरच्या बाजूच्या गावी नातेवाइकांकडे पाठवावे.

४. घरात राहणे तेव्हाच हितावह, जेव्हा घरात दुसरा धूर नसेल. दारे-खिडक्या लावून आत चूल पेटविली, तर बाहेरच्यापेक्षा आतली हवा अधिक वाईट होते. यास्तव ज्या खोलीला फटी कमी आहेत व जेथे चूल नाही, अशी एक खोली निवडावी. तेथे उदबत्ती, विडी, धूप यांना मज्जाव करावा. स्वयंपाक गॅसवर किंवा दूरच्या पडवीत करावा. कोरडा केर काढू नये; ओल्या फडक्याने पुसावे. बाहेरचा धूर ओसरताच दारे उघडून हवा खेळू द्यावी.

५. उपरणे किंवा ओले फडके यांवर भिस्त ठेवू नये. त्याने जाड राख अडते, सूक्ष्म कण अडत नाहीत. 'एन ९५' या नावाने मिळणारी मुखपट्टी नाक-तोंडावर घट्ट बसली तर हे कण पुष्कळ प्रमाणात अडविते. मात्र कार्बन मोनॉक्साइड तिने अडत नाही. म्हणून आग विझविणाऱ्यांनी धुराच्या लोटात उभे राहू नये, पाळीपाळीने काम करावे, आणि डोके दुखू लागल्यास, घेरी आल्यास किंवा मळमळल्यास ताबडतोब मोकळ्या हवेत यावे.

६. नांगरणी, खणणी, ओझी वाहणे ही कष्टाची कामे दाट धुराच्या दिवशी पुढे ढकलावी. जनावरांना भरपूर स्वच्छ पाणी द्यावे व त्यांना दूर हाकीत नेऊ नये.

७. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, तान्ह्या मुलाने अंगावर पिणे सोडणे किंवा श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जाणे, ही लक्षणे दिसताच घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास दवाखान्यात न्यावे.

एक साधी नोंदवही

शेवटी कार्यकर्त्यांना एक विनंती करावयाची आहे. वर सांगितलेल्या अभ्यासांत मोठी यंत्रे होती, उपग्रह होते, विद्यापीठे होती. परंतु त्यांचा पाया होता तो साध्या नोंदीचा. हूपा येथील दवाखान्याने आदल्या वर्षीही नोंदी ठेवल्या होत्या, म्हणूनच ४१७ व ६३४ हे दोन आकडे शेजारी मांडता आले. केवळ धुराच्या वर्षाचा आकडा असता, तर तो एकट्या वाफ्यासारखा मुका राहिला असता.

म्हणून वणव्याच्या मोसमात रोज एक ओळ लिहावी : तारीख, धूर सकाळी होता की सायंकाळी व किती वेळ, वाऱ्याची दिशा, आणि आरोग्य उपकेंद्रात खोकला वा धाप यांसाठी आलेल्यांची संख्या, त्यांत पाच वर्षांखालील किती व साठ वर्षांवरील किती. धूर नसलेल्या दिवशीही ही ओळ लिहावी. कारण तोच आपला तुलनेचा वाफा आहे. रुग्णांची नावे लिहिण्याचे कारण नाही, संख्या पुरेशी आहे. दोन-तीन मोसमांच्या अशा नोंदी जवळ असल्या, म्हणजे ग्रामसभेत आग न लावण्याविषयी बोलताना केवळ उपदेश करावा लागणार नाही. गावाचेच आकडे गावापुढे ठेवता येतील, आणि स्वतःच्या गावचा आकडा शेतकरी दुर्लक्षीत नाही.

त्या बाईने विचारलेल्या प्रश्नाला त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. एका बाळाच्या एका खोकल्याचे कारण आजही कोणास छातीठोकपणे सांगता येणार नाही. परंतु अनेक गावांतील अनेक बाळांचे खोकले कोणी तरी नीट लिहून ठेवले, तर ते सांगता येईल. तो खोकला कोठे लिहावयाचा, हे आता आपणांस ठाऊक आहे.